नवी गाडी, धुतलेली गाडी

दसऱ्याला गाडी घेतली, नारळ फोडला, पेढे वाटले आणि पाडव्याला सकाळी गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक टक. शेजारच्या काकांच्या १२ वर्षं जुन्या गाडीवरून जम्प स्टार्ट करून घेतली, काका काही बोलले नाहीत पण काकू गॅलरीतून बघत होत्या 😄

तेव्हापासून ६ महिन्यांत ५ वेळा वर्कशॉप. डॅशबोर्डवर कधी स्टिअरिंगचा दिवा, कधी एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), कधी दोन्ही एकदम, शिवाय स्पीडब्रेकरवर डाव्या चाकातून खडखड. सस्पेन्शनमधला लिंक रॉड बदलला, खडखड गेली. दिव्यांचं मात्र ये रे माझ्या मागल्या. दर वेळी स्कॅनर लावायचा, बिघाडाचे कोड उडवायचे, गाडी चकाचक धुऊन द्यायची आणि वर "सर फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा". बॅटरी तर दोनदा बदलून झाली.

शेवटी आमच्या चौकातल्या बॅटरीवाल्या मामांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत, माझ्याकडे १२.७, आणि अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) मात्र १४.२! म्हणजे तयार होतंय पण पोचत नाही. इंजिनवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, तिच्या बोल्टखाली रंग तसाच, मग करंट नीट जाणार कसा. व्होल्टेज पडलं की स्टिअरिंग, एबीएस सगळे बोंबलणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मामा म्हणाले, "मी २ मिनिटात घासून दिलं असतं, पण उगाच तुमच्या वॉरंटीचा घोळ नको, त्यांच्याकडूनच करून घ्या."

बिघाडाचा राग नाही हो, मशीन आहे, बिघडणारच. राग आला तो जुनी जॉब कार्डं (गाडी घेताना वर्कशॉप तक्रार नि काम लिहितं तो कागद) काढून बघितल्यावर. पाचातल्या चारांवर 'जनरल चेकअप, ओके'. मी सांगितलेलं एक अक्षर नाही. अमेरिकेत लेमन लॉ आहेत, तोच दोष परत परत आला तर कंपनीला गाडी बदलून नाहीतर पैसे परत द्यावे लागतात. आपल्याकडे गाड्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जायचं, पण दोष दाखवायचा आपणच, आणि कागदावर माझी गाडी ठणठणीत!

म्हणून काल काउंटरवर अडून बसलो, मी सांगतो तसंच लिहा. ॲडव्हायझर म्हणतो सिस्टीममध्ये एवढं मोठं बसत नाही. म्हटलं मग पेनाने लिहा नि खाली सही करा. केली बिचाऱ्याने, त्याचा तरी काय दोष. फोटो काढला, मामांच्या मीटरचा व्हिडिओ मेलवर पाठवला.

गाडी उद्या देतो म्हणालेत. निघताना एकच सांगून आलोय, धुऊ नका.