काही विशेष नाही

सुट्टीत घरी गेले होते, पाच महिन्यांनी. पोचायला रात्र झाली. सगळ्यांशी बोलून-हसून झाल्यावर झोपायला खोलीत गेले आणि दिवा न लावताच पलंगाकडे वळले. लहानपणापासून तशीच वळत आलेय, त्या खोलीत मला कधी उजेड लागला नाही. गुडघा कपाटावर जोरात आपटला. पलंग तिथे नव्हताच. तो खिडकीखाली गेला होता आणि त्याच्या जागी कपाट आलं होतं.

आई धावत आली. "अगं, दोन महिने झाले की ते हलवून. तुला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. एक दिवसाआड फोन व्हायचा आमचा, तरी नव्हतं सांगितलं.

सकाळी आजी काठी टेकत बाहेर आली. मी बघतच राहिले. व्हिडिओ कॉलवर ती कायम खुर्चीत बसलेली असायची, हसायची, हात हलवायची. काठी कधी दिसलीच नाही. "कधीपासून गं आजी?" तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं, आता वय झालं."

आणि दुपारी माझे केस विंचरताना आईला माझ्या कोपरावरचा व्रण दिसला. होस्टेलच्या जिन्यावरून घसरले होते, तीन टाके पडले होते. जखम भरून वर नवी कातडी आली, इतके दिवस झाले होते त्याला.

"हे कधी झालं?"

"परीक्षेच्या आधी. काही विशेष नव्हतं गं."

आई काही बोलली नाही. त्या व्रणावरून तिने दोनदा अंगठा फिरवला आणि पुन्हा कंगवा हातात घेतला.

परत आल्यापासून तो अंगठा डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचा फोन कसा व्हायचा ते सांगते. तुमचाही बहुतेक असाच होत असेल.

"काय मग, काय विशेष?"

"काही विशेष नाही. तिकडे काय?"

"इकडेही नेहमीचंच. जेवलीस ना? तब्येत सांभाळ."

चार मिनिटं. आईने पलंगाचं माझ्यापासून लपवलं नव्हतं, तिला ते सांगण्यासारखं वाटलं नाही इतकंच. मी टाक्यांचं मात्र लपवलं, उगाच काळजी नको म्हणून. पण चाळणी दोन्हीकडे एकच होती. विशेष असेल ते सांगायचं, बाकीचं राहू द्यायचं. पाच महिने आम्ही सगळं त्या चाळणीतून गाळत राहिलो आणि जे खाली सांडत गेलं ते घर होतं, हे मला गुडघा आपटला तेव्हा कळलं.

घरी राहत होते तेव्हा चपला काढता काढता मी सांगायचे, "आज बसमध्ये खिडकी मिळाली." बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, "बरं झालं." या बोलण्यासाठी कोणी कुणाला फोन करत नाही. तरी बाबांना मी ठाऊक आहे ती अशाच हजारो वाक्यांमुळे. परीक्षेचा निकाल, आजारपण, लग्न ठरलं, कुणी गेलं, या बातम्या लांबच्या नातेवाइकांनाही कळतात. बसमधली खिडकी फक्त घरच्यांना कळते. आणि मी होस्टेलला आल्यावर माझ्या घरच्यांना मी तेवढंच सांगू लागले होते जेवढं लांबच्या नातेवाइकांना सांगावं.

माझा विषय मानसशास्त्र आहे. मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी घराच्या ओढीवर वाचत होते, तेव्हा योहानेस होफर हे नाव समोर आलं. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला वैद्यक शिकणाऱ्या या मुलाने आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि अल्गोस म्हणजे वेदना. आता आपण हा शब्द जुन्या फोटोंसाठी वापरतो, पण तो जन्मला आजाराचं नाव म्हणून. आणि नाव देणारा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा.

त्याने एका विद्यार्थ्याची हकिकत लिहून ठेवली आहे. बर्नचा मुलगा बासेलला शिकायला आला होता. या दोन गावांमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. तो सतत उदास राहू लागला, मग ताप, छातीत धडधड, आणि शेवटी लोक त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले इथवर मजल गेली. अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं की याला घराची ओढ लागली आहे, याला घरी पाठवा. जायची तयारी सुरू झाली तसा त्याचा श्वास मोकळा झाला. शहर सोडून थोडं अंतर गेल्यावर त्रास कमी झाला आणि बर्न यायच्या आतच तो बरा झाला.

मी हे लायब्ररीत वाचलं आणि पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. तो घरी पोचून बरा झाला नाही, वाटेवरच झाला. कुणीतरी त्याचं ऐकलं, त्याला काय होतंय ते मोठ्याने म्हटलं, आणि तिथून उतार पडायला लागला. पहिल्या वर्षी मला महिनाभर धड झोप लागत नव्हती तेव्हा असं कुणी म्हटलं असतं तर फार बरं वाटलं असतं. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात एका सिनियरने मनापासून सल्ला दिला: "घरी फोन कमी कर. जितका कमी करशील तितकी लवकर रुळशील." तिचा हेतू चांगलाच होता. ती स्वतः तशीच रुळली असणार. मी दोन महिने तिचं ऐकलं. रुळलेही. सकाळी गजराआधी उठणं, कपडे, सबमिशन, ताप आला तर एकटीने दवाखान्यात जाणं, सगळं जमू लागलं. पण या रुळण्यात काय गेलं याचा हिशेब कुणी मांडत नाही. माझं म्हणणं असं आहे की तो सल्ला चुकीचा आहे, आणि तो आपण पुढच्या मुलामुलींना देणं थांबवलं पाहिजे.

फोन कमी करायचा नाही. फोनचा थाट कमी करायचा.

कारण थाटाचा फोन खरंच त्रास देतो, हे मलाही मान्य आहे. रविवारी सगळे एका स्क्रीनसमोर गोळा होतात, एकेक जण पुढे येऊन तेच तीन प्रश्न विचारतो, सगळे हसतात, हात हलवतात, आणि फोन ठेवल्यावर रूम आधीपेक्षा जास्त रिकामी वाटते. सिनियरला याच फोनचा त्रास झाला असेल. पण मग उपाय म्हणून आपण मेसेजवर येतो. 'पोचले.' 'झालं.' 'ओके.' एक अंगठा. मीही हेच करत होते. मेसेज सोयीचा असतो, त्यात रडवेला आवाज लपतो.

पण आवाजच लपला तर मग उरतं काय? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्त्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले आहेत. सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर उभं करून बोलायला आणि गणितं सोडवायला लावलं. मुली साहजिकच ताणाखाली आल्या. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, तिने जवळ घेतलं. काहींना आईचा फक्त फोन आला. २०१० साली हे निष्कर्ष छापून आले. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, जवळपास तितकंच वाढलं जितकं आईने जवळ घेतलेल्या मुलींमध्ये, आणि ताणाचं संप्रेरक उतरलं. दोन वर्षांनी त्यांनी हेच मेसेजवर करून पाहिलं. आई तीच, धीर देणारे शब्दही तिचेच, फक्त टाइप केलेले. त्या मुलींच्या शरीरात आईशी काहीच बोलणं न झालेल्या मुलींसारखंच चित्र दिसलं.

त्या लहान मुली होत्या आणि मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणून मी यावरून माझ्यापुरता नियम काढत नाही. पण हे वाचल्यावर मला एक गोष्ट लख्ख आठवली. ताप आला होता त्या रात्री आईचा 'काळजी घे गं' असा मेसेज आला होता आणि मी तो वाचून फोन उपडा ठेवला होता. सकाळी तिने फोन केला, नुसतं "बाळा" म्हणाली, आणि मी इतकी रडले की मग मला भूक लागली.

यात रूममेटचाही एक भाग आहे. पहिल्या रात्री आम्ही दोघी जाग्याच होतो आणि दोघींनीही झोपल्याचं सोंग घेतलं होतं, हे आम्ही एकमेकींना सहा महिन्यांनी सांगितलं. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास केला. ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, त्या साध्या मैत्रीतून खरा मित्र म्हणण्यापर्यंत पोचायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा अंदाज त्यांनी २०१८ मध्ये मांडला. आमचे दोनशे तास कशात गेले म्हणून आठवून बघते, तर सांगण्यासारखं काही सापडत नाही. ती ओले केस पुसत असते, मी सॉक्सची जोडी शोधत असते, "पंखा वाढव", "तुझं चार्जर दे", "आज सरांनी तोच शर्ट घातला होता." बसमधली खिडकी माझ्या नकळत तिच्याकडे गेली होती. त्याचा मला आनंदच आहे. फक्त ती घरातून काढून इकडे द्यायची गरज नव्हती.

जाता जाता एक, कारण ते मला फार आवडलं आहे. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने दूरदूरहून इटलीतल्या बोलोन्याला शिकायला येणाऱ्यांसाठी एक फर्मान काढलं. विद्यार्थ्याला निर्धास्त प्रवास करता यावा, परक्या शहरात निर्धास्त राहता यावं, आणि त्याच्या गावच्या दुसऱ्या कुणाच्या कर्जासाठी याला धरू नये. त्यात विद्यार्थ्यांचं वर्णन आहे, ज्ञानाच्या प्रेमापोटी परागंदा झालेले. आपण घर सोडतो तेव्हा काहीतरी सोडतोय, हे एका सम्राटाने कायद्यात लिहिलं होतं. आपल्याला मात्र तेवढं म्हणायचीही लाज वाटते. 'होमसिक' म्हटलं की समोरचा लहान मुलाकडे बघावं तसं बघतो. मी दुसऱ्या वर्षाला आहे, मला चांगले मार्क आहेत, माझ्या मैत्रिणी आहेत, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मला घराची आठवण येते. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सुट्टीहून निघताना मी आईला म्हटलं, आता 'काय विशेष' विचारायचं नाही. ती म्हणाली, मग काय विचारू? मी म्हटलं, काहीच विचारू नकोस, तू तुझं काम करत राहा. पहिले काही दिवस दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. फोन स्पीकरवर, ती तिकडे कपडे घड्या करतेय, मी इकडे वही पूर्ण करतेय, आणि दोघी गप्प. तिला वाटायचं लाइन गेली. "आहेस ना?" "आहे." मग हळूहळू आपोआप यायला लागलं. दाराची कडी पुन्हा अडकायला लागलीये. समोरच्यांनी भिंतीला कसलातरी विचित्र रंग काढलाय. आजी काठी विसरून स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि मग स्वतःच घाबरली. माझा पेन वर्गात राहिला. आज लेक्चरला झोप आली. जिन्याच्या त्या पायरीवर आता मी कठडा धरते. हे शेवटचं ऐकल्यावर ती जरा वेळ थांबली, मग म्हणाली, "धरत जा."

बाबांना हे प्रकरण नीट माहीत नव्हतं. पूर्वी माझा फोन आला की आई घरभर हाक मारायची, "अहो, या लवकर, तिचा फोन आलाय," आणि सगळे हातातलं टाकून यायचे. परवा संध्याकाळी आम्ही दोघी अशाच गप्प होतो. तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, मधेच पंख्याची कुरकुर. बाबा बाहेरून आले असावेत. दाराची कडी दोनदा वाजली, चपला काढल्याचा आवाज आला, मग बाबांचा.

"कोण आहे गं फोनवर?"

आई भांडी लावता लावता म्हणाली, "कोणी नाही. हीच आहे."