आम्हाला मानसोपचारतज्ज्ञ व्हायचंच नाहीये

गेले काही आठवडे एक मजकूर फिरतो आहे. मला तो तिघांकडून आला: एक निवृत्त प्राध्यापक, एक अजून नोकरीत असलेल्या बाई, आणि एक असे गृहस्थ ज्यांचा विद्यापीठाशी संबंध पदवी घेण्यापुरताच आला. "अगदी मनातलं लिहिलंय," असं तिघांनीही वर जोडलं होतं.

मजकुराचा आशय थोडक्यात असा. विद्यापीठांनी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य नि 'वेगवेगळ्या गरजा' यांचं प्रशिक्षण द्यायचं खूळ काढलं आहे. शिक्षकाने शिकवावं, कारकुनाने कागद पुढे सरकवावेत. अर्धवट शिकलेल्यांनी मुलांच्या मनाशी खेळू नये. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, तरी आम्ही घडलोच. सवलती वाढल्या की दर्जा घसरतो, आणि त्याही मूठभरांसाठी. शेवटी, आधीच पिचलेल्या शिक्षकाच्या डोक्यावर हे आणखी एक ओझं.

मी शिक्षिका नाही. परीक्षा विभागात बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. त्यामुळे हा मजकूर ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यातलीच मी एक, त्यातही कागद पुढे सरकवणारी. एकेक मुद्दा घेते.

"शिक्षक-कर्मचाऱ्यांना मानसोपचारतज्ज्ञ बनवायला निघालेत."

कुणीही निघालेलं नाही. या प्रकारातलं सगळ्यात जास्त पसरलेलं प्रशिक्षण म्हणजे 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड'. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या दोघांनी २००० साली ऑस्ट्रेलियात ते सुरू केलं आणि पुढे ते अनेक देशांत गेलं. नावातच प्रथमोपचार आहे. माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, मधे न तोडता ऐकायचं कसं, धीर आणि खरी माहिती कशी द्यायची, तज्ज्ञाकडे जायला कसं सुचवायचं, घरच्यांचा किंवा मित्रांचा आधार कसा जोडून द्यायचा, एवढंच त्यात असतं. निदान करायला शिकवत नाहीत. ते तुमचं काम नाही, हेच पुन्हा पुन्हा बजावतात. घसरून पडलेल्याचा पाय हलू न देता त्याला दवाखान्यात पोचवणाऱ्याला आपण 'अर्धवट डॉक्टर' म्हणून हिणवत नाही.

या प्रशिक्षणाचा माझ्यासारखीला काय उपयोग, ते माझ्याच चुकीवरून सांगते. आमच्या खिडकीच्या काचेला बोलण्यापुरतं एक गोल भोक होतं. ऐकू जावं म्हणून दोन्ही बाजूंनी आवाज चढवावा लागायचा. एकदा एक मुलगी परीक्षेत जादा वेळ मिळण्याचा अर्ज घेऊन आली. अर्जात 'कारण' असा रकाना होता आणि तो तिने कोरा ठेवला होता. नियमाप्रमाणे अर्ज पूर्ण हवा, म्हणून मी काचेतून विचारलं, "कारण लिहिलं नाहीस. आजार कोणता आहे?" तिच्यामागे पंधराएक जणांची रांग होती. सगळ्यांनी ऐकलं. तिने अर्ज खालच्या फटीतून परत ओढून घेतला, "राहू दे मॅडम" म्हणाली आणि गेली. त्या सत्रात तो अर्ज पुन्हा आला नाही. मी वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं, नियमाला धरूनच वागले होते. पुढे अर्ध्या दिवसाचं एक प्रशिक्षण झालं. त्यात मला मानसशास्त्राचा एक शब्दही शिकवला नाही. कारण डॉक्टरांच्या पत्रात असतं, ते पत्र पाहायचा अधिकार कुणाला आहे, आणि खिडकीवर फक्त 'तुला काय लागेल?' एवढंच विचारायचं, इतकंच सांगितलं. बावीस वर्षांपैकी पहिली चौदा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"अर्धवट ज्ञान धोक्याचं. नको तो विषय काढला तर मुलांच्या डोक्यात नसलेलं भरेल."

ही भीती मला पटण्यासारखी वाटते. विशेषतः आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचं म्हटलं की भल्याभल्यांची जीभ अडखळते. पण ही भीती तपासून पाहिली गेलेली आहे. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त किशोरवयीन मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्या मुलांमध्ये अस्वस्थता किंवा तसे विचार वाढलेले नव्हते. आधीपासून उदास असलेल्या मुलांना तर विचारल्यावर किंचित बरंच वाटलेलं दिसलं. नंतर झालेले आढावेही याच दिशेचे आहेत.

अपाय होतो तो विचारल्याने नव्हे, विचारून झाल्यावर आपण जे बोलतो त्याने. "एवढ्यावरून काय!", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं शिकतात." आणि सगळ्यात गोड दिसणारी चूक म्हणजे "मी हे कुणालाही सांगणार नाही, शब्द देते." हा शब्द देऊ नये. उद्या तिच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर तुम्हाला सांगावंच लागेल, आणि मग शब्द मोडला म्हणून ती पुन्हा कुणाकडेच जाणार नाही. त्याऐवजी, "हे आपल्यातच राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मदत बोलावीन, आणि आधी तुला सांगून बोलावीन." अशी वाक्यं प्रशिक्षणात मोठ्याने म्हणून घेतात. पहिल्यांदा ती नाटकी वाटतात. पण ऐन वेळी तोंडात येतात ती तीच.

"आमच्या वेळी हे काही नव्हतं, तरी आम्ही घडलोच."

जे घडले तेच हे सांगायला उरले. जुन्या वर्गमित्रांच्या स्नेहसंमेलनाचा फोटो काढा आणि पहिल्या वर्षाच्या हजेरीपटाशी ताडून पाहा. कोण दिसत नाही? 'सोडून गेला', 'घरी परत गेली' असं म्हणून आपण ज्यांची नावं विसरलो, त्यांना हा मजकूर कुणी पाठवलेला नाही.

आणि 'आमच्या वेळी नव्हतं' हे तरी कुठे खरं आहे? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली १९१० साली. कारण साधं होतं. चांगली तयारी असलेली, हुशार मुलं शिक्षण अर्धवट टाकून जात होती, आणि त्यामागे बुद्धीची कमतरता नव्हती. म्हणजे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आला होता.

विद्यापीठाचं वयही असं आडनिडं. आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांमध्ये त्याची सुरुवात चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणी प्रकल्पात आठ देशांतल्या १९ विद्यापीठांमधल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे १४ हजार मुलांना प्रश्नावली दिली होती. गेल्या बारा महिन्यांत एखाद्या नेहमीच्या मानसिक विकाराची चिन्हं असलेले त्यात ३१ टक्के निघाले. प्रश्नावली म्हणजे डॉक्टरांचं निदान नव्हे, हे मान्य. त्यातला बराच भाग सोडून दिला तरी उरतं ते 'मूठभर' नाही. मजकुरातला तो शब्द इथेच निकालात काढते, त्याला वेगळा परिच्छेद नको.

"सवलती दिल्या की दर्जा घसरतो."

मजकुरातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून इथे जरा थांबते.

आधी शब्दाचं बघू. 'सवलत' म्हटलं की काहीतरी माफ केल्यासारखं वाटतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार वेगळं सांगतो. त्याचं २४वं कलम उच्च शिक्षणातही वाजवी सोयी द्यायला सांगतं, आणि अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे असं करार स्पष्ट म्हणतो. त्याच करारात 'वाजवी'ला मर्यादाही आहे: समोरच्यावर बेसुमार बोजा पडता कामा नये. म्हणजे 'मागेल ते द्या' असं कुणी म्हटलेलंच नाही.

आता जादा वेळ. टीकाकार म्हणतात, जादा वेळ दिला तर कुणाचेही गुण वाढतील. बरोबर आहे, बऱ्याच जणांचे वाढतात. २००५ सालच्या एका संशोधन-आढाव्यात हेच दिसलं, पण पुढची गोष्ट मजकुरात येत नाही: दिव्यांग विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा जास्त वाढतात. यावरून मला तरी एक प्रश्न पडतो. तुमच्या पेपरात नेमकं काय मोजायचंय? वेग मोजायचा असेल, जसं लघुलेखनात, तर तसं अभ्यासक्रमात लिहा, आणि तिथे जादा वेळ खरंच देता येणार नाही. पण उष्मागतिकीचं गणित समजलं की नाही हे मोजायचं असेल, तर तीन तासांत धावत लिहिणाऱ्यालाच ते समजलंय असं धरून चालणं हा दर्जा नव्हे, ती सवय आहे. मी पेपर छापायला पाठवत आले आहे. तीन तास का, अडीच किंवा चार का नाहीत, याचं उत्तर मला एकाही परीक्षा मंडळाने दिलेलं नाही. सभागृह रिकामं करून द्यायचं असतं, हे मात्र दोनदा ऐकलं.

बाकीच्या बऱ्याच 'सवलती' तर सवलती नसतातच. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, हे घ्या. ओठ वाचून समजून घेणाऱ्या मुलीला प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. 'पान', 'बाण' आणि 'मान' यांतलं नेमकं काय म्हटलं, ते ती संदर्भावरून आणि चेहऱ्यावरून ताडते. तुम्ही पाठ फिरवली की ओठही गेले आणि चेहराही. हे सांगितल्यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "अरे, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही." त्यात चिडचिड नव्हती, खंत होती.

तसंच टिपणांचं. झेरॉक्सचीही झेरॉक्स काढून ती स्कॅन करून चढवतात. डोळ्यांना दिसणाऱ्यांसाठी ते पान असतं, पण संगणकासाठी तो एक फोटो. दृष्टिहीन मुलाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, असा फोटो थेट वाचू शकत नाही. तोच मजकूर टाइप केलेल्या फाइलमध्ये दिला तर तो वाचतो, शिवाय बाकीच्या मुलांनाही त्यात शब्द शोधता येतो. इथे विषयाचा दर्जा कुठे घसरला, हे मजकूर लिहिणाऱ्याने मला दाखवून द्यावं.

"शिक्षकांवर आणखी एक ओझं."

हो. यावर मी वाद घालणार नाही, फक्त दुरुस्ती करेन. ओझं आधीपासून आहेच. रात्री साडेअकराला "सर, एक मिनिट बोलू का?" असा निरोप येणाऱ्या शिक्षकाला विचारा. प्रशिक्षण नसलेला शिक्षक एकतर उत्तरच देत नाही, नाहीतर पहाटे दोनपर्यंत बोलत बसतो, पुढचे सहा महिने त्या मुलाचा एकमेव आधार होऊन बसतो आणि स्वतः आजारी पडतो. कुठे थांबायचं, कुणाकडे सोपवायचं, सोपवल्यावर आपण काय करायचं नाही, हा चांगल्या प्रशिक्षणाचा निम्मा भाग असतो.

पण या मजकुराला जे म्हणता आलं असतं ते त्याने म्हटलंच नाही, म्हणून मीच म्हणते. नुसत्या प्रशिक्षणाने फार काही होत नाही. अमेरिकेतल्या ३२ कॉलेजांमध्ये वसतिगृहातल्या कर्मचाऱ्यांना हेच 'फर्स्ट एड' शिकवून पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. शिकलेल्यांचा आत्मविश्वास वाढला, आपल्याला जास्त कळतं असं त्यांना वाटू लागलं. मात्र त्या वसतिगृहांतली मुलं समुपदेशकाकडे जास्त संख्येने जाऊ लागली, असं दिसलं नाही. प्रशिक्षणाच्या बाजूने बोलणारे लोक हा अभ्यास सहसा सांगत नाहीत. सांगायला हवा. खिडकीवरची बाई कितीही हळुवार बोलली आणि पुढे समुपदेशकाची वेळ दीड महिन्यानंतरची मिळाली, तर तिने त्या मुलाला दुसऱ्या रांगेत उभं केलं, एवढंच झालं. दोन तासांचं व्याख्यान, हजेरीवर सही आणि प्रमाणपत्र एवढ्यावर भागवणाऱ्या विद्यापीठांवर हा मजकूर तुटून पडला असता, तर मीही तो पुढे पाठवला असता.

आमच्याकडेही पहिल्या वेळी असंच झालं. अर्धा दिवस शिकलो, 'कारण विचारू नका' हे सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर अर्जावर तोच रकाना. रकाना असेपर्यंत तो भरून घेणं हे माझं कामच. तो काढायचा तर समितीची मंजुरी हवी, समितीची बैठक सत्रातून एकदा. अकरा महिने लागले. नव्या अर्जात त्या जागी 'परीक्षेत कोणती सोय हवी?' असं आहे, आणि डॉक्टरांचं पत्र बंद पाकिटात वेगळं जातं. तोवर जुन्या अर्जांचे गठ्ठे संपलेले नव्हते, म्हणून मी आणि शेजारच्या टेबलावरचे साठे रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी पन्नासेक अर्ज घेऊन बसायचो आणि 'कारण' या शब्दावर निळ्या पेनाने आडवी रेघ ओढायचो.