किरमिजी की काळी?

रेड आर्मीच्या, म्हणजे सोव्हिएत रशियाच्या सैन्यातल्या शिपायाच्या कॉलरवरची पट्टी नक्की कुठल्या रंगाची होती, हा प्रश्न धडधाकट माणसाला आयुष्यात पडत नाही. मला पडलाय. आणि पडल्यापासून झोप, जेवणखाण, संसार सगळं त्या पट्टीच्या मागे फरफटत चाललंय.

थोडक्यात सांगतो. मला मिनिएचर वॉरगेमिंगचा नाद आहे. म्हणजे इंचभर उंचीचे शिपाई विकत आणायचे, रंगवायचे, डायनिंग टेबलवर डोंगर-नद्या मांडायच्या आणि फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई करायची. लोक याला खेळणी म्हणतात, आम्ही हॉबी म्हणतो, बायको "तो पसारा" म्हणते. हॉबीचं एक बरं असतं, बहुतेक युद्धांचे युनिफॉर्म लोकांनी आधीच शोधून ठेवलेत. नेपोलियन घ्या, दुसरं महायुद्ध घ्या, कोणत्या बटणाला कोणता रंग ते सगळं तयार. पण मला कुठून बुद्धी झाली आणि मी दोन महायुद्धांच्या मधली रेड आर्मी निवडली. त्यातही 1929.

1929 ला काय झालं हे सांगायला गेलो की समोरचा माणूस मोबाईल काढतो, तरी सांगतोच. चीनच्या ईशान्य टोकाला असलेल्या मांचुरियातून जाणाऱ्या चायनीज ईस्टर्न रेल्वेवरून सोव्हिएत युनियन आणि मांचुरियाचा तरुण सरदार चांग श्युएलियांग यांची जुंपली. ऑगस्टमध्ये स्पेशल फार ईस्टर्न आर्मी उभी राहिली, तिचा कमांडर वासिली ब्ल्यूखर. गंमत म्हणजे हाच ब्ल्यूखर त्याआधी काही वर्षं 'गालेन' हे टोपणनाव घेऊन चीनमध्ये च्यांग काय-शेकचा लष्करी सल्लागार होता, म्हणजे ज्यांना शिकवलं त्यांच्याच देशात लढायला आला. नोव्हेंबरच्या थंडीत मांचौली आणि जालायनोरला लढाई झाली, डिसेंबरमध्ये खाबारोव्स्कला करार होऊन विषय संपला. सोव्हिएत बनावटीचे एमएस-1 रणगाडे पहिल्यांदा लढले ते इथेच, आणि होते किती तर जेमतेम नऊ-दहा. नऊ-दहा! म्हणजे अख्खंच्या अख्खं रणगाडा दल माझ्या टेबलवर मावतं. कोण सोडेल?

माझा एक मित्र लगेच चिनी बाजू घ्यायला तयार झाला. त्याने शिपाई आणले, सगळ्यांवर करड्या रंगाचा स्प्रे मारला, चेहरे आणि बंदुका रंगवल्या आणि एका रविवारी संध्याकाळी मला फोटो पाठवला. "झालं बघ माझं सैन्य. तुझं कुठवर आलं?" माझं कॉलरवर अडकलं होतं, आणि बरेच महिने तिथेच अडकून राहिलं.

रेड आर्मीचा मूळ घोळ असा की यांना स्वस्थ बसवतच नव्हतं. क्रांती झाल्यावर 1917 च्या डिसेंबरमध्ये यांनी हुद्दे रद्द केले, खांद्यावरच्या फिती उपटून काढल्या. मग 1919 मध्ये ती टोकदार कापडी टोपी आली, बुद्योनोव्का, जी घातली की कोणीही जुन्या रशियन लोककथेतला वीर दिसतो, आणि त्या टोपीवर दलाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाची चांदणी. त्याच वर्षी शर्टाच्या आणि ओव्हरकोटच्या छातीवर आडव्या रंगीत पट्ट्या आल्या. 1922 मध्ये पुन्हा नवीन युनिफॉर्म, आणि टोपीवरच्या बिल्ल्यावर हातोड्याबरोबर आधी नांगर होता त्याच्या जागी विळा आला. 1924 मध्ये छातीवरच्या पट्ट्या रद्द, आणि बाहीवर जे त्रिकोण, चौकोन, शंकरपाळ्याच्या आकाराचे बिल्ले होते ते उचलून कॉलरवर नेले. 1935 मध्ये हुद्दे परत आले, तेही एकदम मार्शलपर्यंत. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी मॉस्कोत बसून ठरवायचं की आता कॉलर बदलूया, आणि त्याचा त्रास शंभर वर्षांनी पुण्यात मला.

बाजारात मिळणारे मिनिएचर बहुतेक यादवी युद्धाचे, म्हणजे 1919 ते 22 चे. सगळ्यांच्या छातीवर त्या आडव्या पट्ट्या कोरलेल्या. मला 1929 हवं, म्हणजे पट्ट्या नकोत. मग काय, कानसने घासत बसायचं. इंचभर माणसाच्या छातीवरून केसाएवढी पट्टी घासायची तर पट्टीबरोबर हाताचा अंगठाही जातो, शिपायाचाही आणि आपलाही. एकदा बायको मागे येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "अरे, किचनच्या नळाचा वॉशर बदलायला वेळ नाही म्हणतोस ना?" मी म्हटलं, "हे 1924 चं ऑर्डर आहे, पाळावंच लागतं." त्यावर ती जे म्हणाली ते लिहीत नाही.

बरं, पट्ट्या घासल्या, आता कॉलर. कागदावर सोपं आहे. पायदळाची पट्टी किरमिजी, कडा काळी. घोडदळाची निळी, कडा काळी. तोफखान्याची काळी, कडा लाल. इंजिनिअर लोकांची काळी, कडा निळी. माझं मुख्य सैन्य पायदळ, दोन तोफा, थोडे घोडेस्वार. खऱ्या माणसाच्या कॉलरवर बोटभर लांबीची ती पट्टी, 28 एमएम उंचीच्या शिपायावर दीड-दोन मिलिमीटर उरते. तिची कडा रंगवायची म्हणजे ब्रशचे सगळे केस कापून एक ठेवायचा आणि श्वास रोखून धरायचा. तरी म्हटलं करू. फक्त किरमिजी म्हणजे कुठला किरमिजी ते कळायला हवं, म्हणून जुने फोटो काढून बसलो, आणि तिथे खरी वाट लागली.

फोटो अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. ते चालेल, डार्क-लाइटचा अंदाज तरी येतो, असं वाटतं ना? अजिबात येत नाही. त्या काळात सर्रास वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असायची. लाल रंग तिच्यावर काळा उमटतो आणि निळा फिकट पडतो, कधीकधी पांढुरका. म्हणजे कल्पना करा, किरमिजी पट्टीचा पायदळवाला काळ्या पट्टीच्या तोफखानावाल्याच्या शेजारी उभा आहे आणि फोटोत दोघांच्या कॉलरी सारख्याच काळ्या. निळ्या पट्टीच्या घोडेस्वाराची मात्र फिकट, जणू धुऊन रंग गेलाय. बरं, पॅनक्रोमॅटिक फिल्मही तेव्हा निघाली होती, तिला लाल दिसतो, आणि समोरच्या फोटोला कुठली फिल्म वापरली हे फोटोवर कोण लिहून ठेवतंय? एका फोटोत मी शिपायांचे ओठ बघत बसलो होतो. ओठ फार काळे दिसले तर फिल्म ऑर्थो असणार, आणि फिल्म ऑर्थो तर काळी कॉलर किरमिजी असू शकते. रात्री एक वाजता भिंग घेऊन परक्या पुरुषांचे ओठ न्याहाळणाऱ्या माणसाला घरच्यांनी काय समजावं?

आणि हल्ली त्यात ते रंगीत केलेले फोटो. कोणीतरी कॉम्प्युटरला जुना फोटो देतो आणि कॉम्प्युटर दोन सेकंदांत आत्मविश्वासाने रंग भरून देतो. कॉलर हिरवी. का? त्याच्या मनात आलं म्हणून. जिथे निगेटिव्हलाच लाल आणि काळ्यातला फरक माहीत नाही तिथे याला कुठून कळणार, पण शेअर असे होतात की जणू छायाचित्रकार काल परत आलाय. मला अशा फोटोंचा इतका राग येतो की मी हल्ली रंगीत काही दिसलं की आधी खालीच स्क्रोल करतो.

खाकीचं तर विचारूच नका. एकाच फोटोत शेजारी शेजारी चार शिपाई, चौघांच्या सुती शर्टाच्या चार शेड. सुती खाकी धुण्यागणिक उतरते हे एसटीतल्या जुन्या आणि नव्या कंडक्टरला शेजारी उभं केलं तरी कळतं, तसंच. टोपी कधी खाकी, कधी गडद राखाडी. ओव्हरकोट राखाडी म्हणावा तर तपकिरी, तपकिरी म्हणावा तर राखाडी. दुकानात 'रशियन युनिफॉर्म' अशी चिठ्ठी लावलेली रंगाची बाटली मिळते, त्यातला हिरवा रंग दुसऱ्या महायुद्धाचा, तो 1929 च्या अंगावर चढवायचा म्हणजे नातवाचा शर्ट आजोबांना.

शेवटी वाटलं माणसांकडून शोधावं. फोटोत मोठे कमांडर तरी ओळखू येतील, त्यांचं दल माहीत असतं, त्यावरून कॉलरचा रंग लावता येईल. इथे वेगळीच भानगड. 1935 मध्ये पहिले पाच मार्शल झाले: वोरोशिलोव्ह, बुद्योन्नी, येगोरोव्ह, तुखाचेव्स्की आणि आपला ब्ल्यूखर. पुढे स्टालिनच्या राजवटीने तुखाचेव्स्कीला 1937 मध्ये गोळी घातली, येगोरोव्हला 1939 मध्ये. ब्ल्यूखर, ज्याला ऑर्डर ऑफ द रेड बॅनर सगळ्यात पहिली मिळाली होती, तो 1938 च्या नोव्हेंबरमध्ये कोठडीत मेला. आणि माणूस गेला की त्याचा फोटोही जायचा. पुस्तकांतून पानं फाडली जायची, ग्रुप फोटोतून माणूस गायब व्हायचा. अलेक्झांडर रॉदचेंकोने 1934 मध्ये उझबेकिस्तानवर एक देखणा अल्बम डिझाइन केला होता, पुढे त्यातली माणसं पकडली गेली तेव्हा स्वतःच्याच प्रतीतले त्यांचे चेहरे त्याने काळ्या शाईने बुजवले. ते पान मी स्क्रीनवर बघितलं. कसं वाटायला हवं होतं मला माहितेय. पण एवढ्या महिन्यांच्या रिसर्चने डोक्याचं असं काही झालं होतं की शाईने बुजवलेला चेहरा बघून मनात पहिला विचार आला तो 'कॉलर दिसतेय का' हाच.

सासरेबुवा एकदा आले होते, टेबलवरचे अर्धवट रंगवलेले शिपाई बघून म्हणाले, "जावईबापू, या रशियनांशी आपला काय संबंध?" मला तेवढंच निमित्त हवं होतं. म्हटलं, "असं कसं बाबा, आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे 1921 मध्ये मॉस्कोला गेले होते, बर्लिनच्या क्रांतिकारकांबरोबर. त्याच सुमारास मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदला हिंदी तरुणांसाठी लष्करी शाळा काढली होती." त्यांना हे आवडलं. म्हणाले, "मग खानखोज्यांचा पुतळा करा की." मी उजळलोच, कारण खानखोजे साध्या कपड्यांत गेले असणार, म्हणजे कॉलर पांढरी. पण लढाई 1929 ची, आणि तोपर्यंत ते मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ होऊन मक्यावर काम करत होते. ते राहिलं.

कोंडी फोडली ती नानांनी. नाना म्हणजे माझे चुलते, साताऱ्याला असतात, पायदळात सुभेदार होऊन रिटायर झाले. गावी गेलो होतो तेव्हा मी मोबाईलवर त्यांना फोटो दाखवले, ऑर्थो सांगितलं, 1922 सांगितलं, 24 सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "ह्या कडंच्याच्या बाह्या बघ. पार बोटांवर आल्यात. त्येच्या मापाचा न्हाईच त्यो कोट."

"मग, नाना?"

"मग काय. कागूद वरनं येतो, कपडा ष्टोअरातनं येतो. ष्टोअरात जुना माल असला तर आधी त्यो संपवणार. तू क्वार्टरमास्टरला सांगणार का, की मला नव्या कागदापरमानं पायजे म्हणून?"

शपथ सांगतो, मी मोबाईल हातात धरून बघतच राहिलो. कागद बघत होतो, ओठ बघत होतो, बाह्या कधी बघितल्याच नव्हत्या. आणि बाह्या बघायला लागल्यावर सगळ्या फोटोंत तेच. एकाच्या पायात बूट, दुसऱ्याच्या पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. एकाची टोपी नवीन, शेजारच्याची इतकी पिचलेली की टोक एका बाजूला झोपलंय. याच सैन्यात यादवी युद्धाच्या वेळी शौर्याचं बक्षीस म्हणून लाल विजार द्यायचे, मेडल नव्हे, विजार, म्हणजे कापडाची काय अवस्था असेल बघा. असल्या सैन्यात कुणाच्या कॉलरची पट्टी गळून पडली असेल, कुणी लावलीच नसेल, आणि नोव्हेंबरात मांचुरियाच्या वाऱ्यात टोपीचे कानपट्टे खाली ओढून गळ्याशी बटण लावल्यावर...

थांबा. कानपट्टे!

बुद्योनोव्काला दोन्ही बाजूंना लांब पट्टे असतात, एरवी वर दुमडून बटणाने अडकवलेले, थंडीत सोडून हनुवटीखाली बंद करायचे. बंद केले की कॉलर अर्धीअधिक त्यांच्याखाली जाते. मी गावाहून आल्या आल्या एपॉक्सी पुट्टी मळली आणि जेवढ्या शिपायांच्या डोक्याला लावता येतील तेवढे कानपट्टे लावून टाकले. उरलेल्यांना जे सुचेल ते: काहींना किरमिजी, दोघांना फिकट किरमिजी, एकाला पट्टीच नाही. खाकीच्या सगळ्या शेड वापरल्या, ओव्हरकोट प्रत्येकाचा वेगळा. एका शिपायाला लाल विजारही घातली, दहा वर्षं जपून ठेवलेली असू शकते, मला कोण विचारणार.

शेवटी लढाई झाली. मित्राने फासे टाकले, माझे दोन एमएस-1 पहिल्याच तासात बंद पडले, पायदळाने जालायनोर घेतलं. सगळ्या संध्याकाळीत त्याने माझ्या शिपायांकडे एकदाच निरखून बघितलं आणि म्हणाला, "हा लाल पँटवाला भारी आहे." कॉलरचा विषय निघाला नाही. मीच काढणार होतो, पण बायकोने चहा आणला आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी गप्प बसलो.

परवा त्याच मित्राचा फोन. "पुढच्या वेळी खाल्खिन गोल करू, 1939, जपानी विरुद्ध रशियन. उन्हाळ्यातली लढाई, कानपट्टे नाहीत, काही नाही. तुला एकदम सोपं."

मी त्याला एवढंच विचारलं, "डोक्यावर पिलोत्का की पनामा?"

"म्हणजे?"

"उष्ण भागातल्या तुकड्यांना 1938 मध्ये रुंद काठाची सुती पनामा हॅट दिली होती. पिलोत्का म्हणजे नेहमीची घडीची टोपी. खाल्खिन गोलच्या फोटोंत दोन्ही दिसतात. कुठल्या तुकडीला कुठली?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मी जपानी घेतो."