शेजारच्या धमनीतला प्रवाह घटला, तरी आकडा कसा सुधारला?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : हृदयाला मिळणारं रक्त ठरावीकच असतं, म्हणून बंद धमनी उघडली की शेजारच्या धमनीतलं रक्त घटणारच, आणि तिथला ब्लॉकेज तसूभरही हललेला नसताना तिचा एफएफआर (ब्लॉकेज रक्ताला किती अडवतो हे दाखवणारा आकडा) 'सुधारला' म्हणणं ही आकड्यांची हातचलाखी.

ठरावीक रक्ताची गोष्ट मला पटत नाही. हृदयस्नायूला विश्रांतीत मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त लागतं, जोरदार श्रमात त्याच्या तीन-चार पट. वाटेत अडथळा नसेल तर मागणीप्रमाणे पुरवठा वाढतो.

प्रवाह घटतो हे मात्र खरं. पण घटलेलं रक्त कोणासाठी होतं? उजवी धमनी महिनोन्‌महिने पूर्ण बंद असली की तिच्या हद्दीतला स्नायू बहुधा डावीकडून आलेल्या कोलॅटरल, म्हणजे धमन्यांना जोडणाऱ्या बारीक पर्यायी, वाहिन्यांवर तगतो. डावी धमनी तेव्हा दोन घरांचा खर्च चालवत असते. उजवी उघडली की परका बोजा उतरतो, डावीच्या स्वतःच्या स्नायूचा वाटा कमी होत नाही.

आता एफएफआर. औषधाने प्रवाह कमाल वाढवायचा आणि ब्लॉकेजपलीकडचा दाब महाधमनीतल्या दाबाने भागायचा. उत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा दखलपात्र. ब्लॉकेज ओलांडताना किती दाब खर्ची पडतो हे नुसत्या अरुंदपणावर ठरत नाही, त्यातून किती रक्त जातं यावरही ठरतं. आणि प्रवाह वाढतो त्याहून हा खर्च झपाट्याने वाढतो. त्यामुळे तोच ब्लॉकेज उजवी बंद असताना, समजा, ०.७८ दाखवेल आणि ती उघडल्यावर ०.८१. दोन्ही आकडे आपापल्या वेळी खरे.

फरक बहुतेकदा काही शतांशांचाच असतो, हेही सांगतो. ०.६० वाली धमनी त्याने निर्दोष ठरत नाही. निर्णय पालटू शकतो तो काठावरच्यांचा. शिवाय सगळा बदल धमनी उघडताना टेबलावरच दिसत नाही, कोलॅटरल हळूहळू आक्रसत जातात. तुम्ही याच मुद्द्यावर मला धरायला हवं होतं! कारण पुढे उजवीत घातलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) अचानक बंद पडला तर त्या आक्रसलेल्या वाहिन्या पूर्वीइतका भार लगेच पेलतीलच असं नाही. आणि अशी धमनी उघडल्याने आयुष्य वाढतं हे यादृच्छिक चाचण्यांत (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटून केलेल्या) दिसलेलं नाही. २०१८ च्या युरो-सीटीओ चाचणीत (सीटीओ म्हणजे दीर्घकाळ पूर्ण बंद असलेली धमनी) फायदा दिसला तो छातीतलं दुखणं आणि रोजचं जगणं यांत.

शेवटी तुम्ही विचारता, मग उजवी बंद असताना मोजून डावीत स्टेंट घालणं चूकच का? नाही. उजवी उघडायचीच नसेल तर तोच आकडा धरायचा, कारण डावी पुढेही दोन्हीकडचा भार वाहणार आणि तीच बंद पडली तर दोन्ही हद्दी एकदम धोक्यात येतील. उजवी उघडायचं ठरलेलं असेल आणि डावी काठावर असेल, तर आधी उजवी उघडून डावी पुन्हा मोजावी, असं माझं मत.