स्विफ्टच्या भावात बीएमडब्ल्यू: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

नवी स्विफ्ट घ्यायची म्हणजे काय, तर पैसे भरा, चावी घ्या, पेढे वाटा आणि पुढची पाच वर्षं सर्व्हिसिंगच्या एसएमएसची वाट बघा. चारचौघांत सांगण्यासारखं काही घडतच नाही. असलं बेचव आयुष्य तुमच्यासारख्या रसिक माणसानं का काढावं? त्याच ८-९ लाखांत तेरा-चौदा वर्षांची बीएमडब्ल्यू ५२०डी मिळते. नवी होती तेव्हा ती चाळीस लाखांच्या घरात होती. म्हणजे सरळसरळ तीस लाखांचा नफा. हा हिशेब घरात कागदावरच मांडा. तोंडी सांगायला गेलात की मध्येच कुणीतरी प्रश्न विचारतं.

सासरे 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' म्हणतीलच. त्यांना नम्रपणे सांगा की कोंबडी चाळीस लाखांची आहे, आपल्याला फक्त स्वस्तात पडली. मसाला मात्र अजून चाळीस लाखांच्या कोंबडीच्याच भावानं येतो, हे त्यांना सांगायचं काही कारण नाही. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते; तिच्या वॉटर पंपाची उतरत नाही.

गाडी शक्यतो दिल्लीची घ्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पुढे नियम कधी ताणला गेला, कधी सैल पडला, पण नवव्या वर्षी तिथल्या मालकाला जी विरक्ती येते ती येतेच. मग गाडी ट्रेलरवर बसून आपल्याकडे येते. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एमएच नंबर या किरकोळ बाबी एजंट 'बघून घेईल'. तो बघतो, आपण घ्यायचं.

मीटरवर ६२,००० दिसेल. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, ड्रायव्हरच्या सीटची उतरायच्या बाजूची कड फाटलेली असेल, स्टिअरिंगचं चामडं तुळतुळीत असेल. तरी विश्वास मीटरवरच ठेवा. गाडी डॉक्टरांची होती, रविवारीच बाहेर निघायची. (इतक्या गाड्या बाळगणारे डॉक्टर ओपीडी कधी करत असतील, हा वेगळा विषय.) आणि कृपा करून ओळखीचा मेकॅनिक, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर घेऊन, सोबत नेऊ नका. या गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद एका जागी नसते. वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या छोट्या कॉम्प्युटरांत असते, बीएमडब्ल्यूच्या तर चावीतसुद्धा असते. मीटर ६२ म्हणतंय आणि चावी १,४८,००० म्हणतेय, असला घरगुती कलह पहिल्याच भेटीत कशाला?

तुम्ही पोहोचाल तेव्हा डीलरनं इंजिन आधीच सुरू करून गरम ठेवलेलं असेल. याला म्हणतात अगत्य. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासून आलेल्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारी साखळी), विशेषतः पहिल्या काही वर्षांच्या इंजिनांमध्ये, ताणली जाते आणि झिजते. थंड इंजिन सुरू केलं की मागून खरखर ऐकू येते. मागून म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूनं, कारण जर्मन इंजिनिअरांनी ती चेन समोर न बसवता मागे बसवली. चेन फारशी महाग नाही. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि तिथे दीड-दोन लाख सहज जातात. नाही बदलली आणि चालत्या गाडीत तुटली, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात. त्या भेटीनंतर इंजिनच शोधावं लागतं. तेव्हा खरखर ऐकू आली तर म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढवा. सिस्टीम उत्तमच असते.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलू नका. 'आयुष्यभराचं' आहे असं गाडीवाले सांगतात. ज्या झेडएफ कंपनीनं तो गिअरबॉक्स बनवला ती मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. पण बनवणाऱ्याचं काय ऐकायचं? शिवाय फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच जडवलेला, म्हणजे फिल्टरसाठी पॅनच नवा. खर्च वाचवा. पुढे गिअर टाकताना गाडी धक्का देऊ लागली की तिच्यात जान आहे समजा.

बीएमडब्ल्यूत राम वाटत नसेल तर मर्सिडीजची एस-क्लास बघा, २००५ ला आलेली पिढी. तिला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. या सस्पेन्शनला एअरमॅटिक म्हणतात. नवेपणी गाडी रस्त्यावरून नव्हे, ढगांवरून जाते. आठ-दहा वर्षांनी पिशव्यांच्या रबराला बारीक चिरा पडतात. रात्रभरात हवा निघून जाते आणि सकाळी गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली असते. चाक मडगार्डमध्ये शिरलेलं. वॉचमन धावत येतो, "साहेब, गाडीची हवा गेली." त्याला सांगा की ही जर्मन विश्रांती आहे. सेल मारा, कंप्रेसर गुरगुरेल, गाडी हळूहळू उभी राहील. पार्किंगमध्ये उभी मुलं टाळ्या वाजवतील. वाजवू द्या, कारण तो कंप्रेसर गळकी पिशवी भरता भरता एक दिवस स्वतःच जळतो. मग पिशवीबरोबर कंप्रेसर, कधी त्याचा रिले. कंपनीचा नवा स्ट्रट, म्हणजे पिशवीसकट अख्खा खांब, घ्याल तर एका कोपऱ्याचे लाखाच्या पुढे, आणि कोपरे चार आहेत. एक बदलला की उरलेल्या तिघांचं वयही तेवढंच आहे हे मेकॅनिक सांगत नाही. तो चांगला माणूस आहे, तुम्हाला एकदम धक्का देत नाही. कुणी म्हणेल, पिशव्या काढून साध्या स्प्रिंगा बसवा, तसे किट मिळतात. त्याच्याशी संबंध तोडा. गाडी सरळ उभी राहू लागली तर वॉचमनशी बोलायचं काय?

बजेट याहून कमी असेल तर २००२ साली आलेल्या पिढीची ई-क्लास चार-पाच लाखांतसुद्धा येते. तिच्या ब्रेकला सेन्सोट्रॉनिक नावाची विजेवर चालणारी यंत्रणा आहे, आणि तिचा पंप तुम्ही किती वेळा ब्रेक दाबलात ते मोजत असतो. ठरलेला आकडा ओलांडला की पडद्यावर वर्कशॉपला जायचा हुकूम येतो. यंत्रणा पुरती झोपली तर पेडल खोल जातं, पायात जोर असेल तर गाडी थांबते. कंपनीनं २००६ मध्ये ई-क्लासमधून ती काढूनच टाकली. आकडा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जर्मन हमरस्ता असावा. संध्याकाळी सात वाजता नळस्टॉपहून कोथरूडकडे निघाला तर डहाणूकर येईपर्यंत तुम्ही जर्मनाचा महिना संपवलेला असतो. उपाय एकच: ब्रेक जपून वापरा. पुण्यात बाकी वाहनचालक तसंच करतात.

पावसाळ्यात गाडी गुलमोहराखाली लावा. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या पाकळ्या आणि धुळीनं तुंबतात, मग पाणी छतातून उतरून गालिच्याखाली साचतं. वायरिंगही तिथूनच जातं. रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा) टायर खड्ड्यात फुगला तर एकाचे वीस हजारांच्या आसपास, आणि बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. बॅटरी नवी टाकली तर बीएमडब्ल्यूत ती कॉम्प्युटरवर नोंदवावी लागते. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एकदाच जा, कॉफी छान मिळते. एस्टिमेट घडी करून खिशात ठेवा आणि सरळ गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, म्हणजे मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ गाठा. तिथे पार्ट नसेल तर दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारबाजारातून येईल. ज्या गावाहून गाडी आली त्याच गावाहून तिच्या भंगारात गेलेल्या बहिणीचा हेडलाइट येणं हा एक भावपूर्ण योग असतो.

धडक झाली तरी घाबरू नका. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. विमा आठ लाखांचा, म्हणजे सहा लाखांत खेळ खलास. दोन झेनॉन हेडलाइट, रेडिएटर, बंपर आणि उघडलेल्या एअरबॅगा एवढं मिळून हा पल्ला सहज गाठता येतो.

राहता राहिला रोजचा ऑफिसचा प्रवास. त्यासाठी एक जुनी वॅगन-आर घेऊन ठेवा, सीएनजी असली तर उत्तम. गिअरबॉक्स गॅरेजला पोचवायचा तर मागची सीट पाडली की तो तिच्यात बरोब्बर मावतो.