राइट बंधूंचं विमान जुगाडावर उडालं नव्हतं

"राइट बंधू म्हणजे शाळाही पुरी न केलेले सायकल मिस्त्री. गणित नाही, हिशेब नाही. शाफ्टवरचं चाक ढिलं झालं, टायरचं सिमेंट लावलं आणि पहिल्याच प्रयत्नात उडाले. डिग्री नको, जुगाड हवा!" हा मेसेज फिरत फिरत डिप्लोमा मेकॅनिकल करणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला. "मामा, मग आम्ही हे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कशाला घोकतोय?" असं त्याने विचारलं. (कुठला भाग किती ताण आणि पीळ सोसेल, याचा तो विषय.) आता गप्प बसवत नाही.

सिमेंटची (बांधकामाचं नव्हे, टायर चिकटवायचं) गोष्ट खरी आहे, तेवढं मान्य करावंच लागतं. दोघा भावांपैकी ऑर्व्हिलनेच 1913 साली 'फ्लाइंग' मासिकात ती लिहिली आहे. नोव्हेंबर 1903 मध्ये किटी हॉकला, म्हणजे उड्डाणाच्या जागी, विमानाच्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवरची, म्हणजे फिरत्या दांड्यांवरची, स्प्रॉकेटं (साखळीची दातेरी चाकं) उलट्या आट्यांचे नट लावूनही सारखी सुटत होती. दोघांनी शाफ्ट आणि स्प्रॉकेटं तापवली, आट्यांत सिमेंट वितळवून ती पुन्हा आवळली, आणि काम झालं.

पण त्याच लेखात पुढे काय आहे, ते मेसेजवाल्याने वाचलेलंच नाही. 28 नोव्हेंबरला इंजिन चालवून बघताना एका पोकळ शाफ्टला तडा गेला. जुगाडवाला इथे आणखी जाड नळी बसवून मोकळा झाला असता. यांनी आधी कारण शोधलं. इंजिनाची शक्ती पेलायला ती नळी कितीतरी पट मजबूत होती, म्हणजे ताकद कमी पडत नव्हती. इंजिनातला इंधनाचा स्फोट कधी वेळेआधी व्हायचा, कधी चुकायचा. त्याचे झटके बसायचे आणि जाड नळी जराही पिळली जात नसल्याने ते जिरवू शकत नव्हती. म्हणून नवे शाफ्ट आधीपेक्षा बारीक केले, भरीव टूल स्टीलचे, थोडे पिळले जाणारे. ते करायला ऑर्व्हिल डेटनला, आपल्या गावी, गेला आणि 11 डिसेंबरला परतला. पीळ सोसताना शाफ्टचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो (व्यास निम्मा, तर ताठपणा सोळावा हिस्सा), हे भाच्याच्याच पुस्तकात आहे. तडा बघून बारीक शाफ्ट निवडायला हीच समज लागते. पोरांना ती निरुपयोगी म्हणून सांगणं हा गुन्हा आहे.

बाकीचं थोडक्यात. हायस्कूलचा दाखला दोघांकडे नव्हता, खरं. पण 1901 मध्येच त्यांनी वातबोगदा (आत वारा सोडून आकार तपासायची पेटी) बांधून पंखांचे शेकडो आकार मोजले होते. 'पहिल्याच प्रयत्नात' तर धडधडीत खोटं: 14 डिसेंबर 1903 ला दुसरा भाऊ विल्बर साडेतीन सेकंदांत वाळूवर आदळला, मोडतोड दुरुस्त झाल्यावर 17 तारखेला उड्डाण झालं. आणि ते इंजिन ज्याने सहा आठवड्यांत घडवलं, त्या चार्ली टेलरचं मेसेजमध्ये नावसुद्धा नाही.