‘पॉईंट कमी कसे झाले?’ या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला. सकाळी फोंड्याच्या आमच्या इमिग्रेशन सल्ल्याच्या ऑफिसात येऊन नोंदी काढल्या आणि मगच लिहायला बसले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४५ हजार भरले, दीड वर्ष झालं, कॅनडाच्या पीआरचं (तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं) आमंत्रण नाही. पहिल्या दिवशी ‘तुम्ही पात्र आहात’ असं सांगितलं आणि आता सहा पॉईंट कमी झाले. हॉटेल कुकच्या पाच वर्षांच्या अनुभवाचं पत्र द्यायला तयार असताना आम्ही अडवलं. आणि दुसरा एक एजंट तीन महिन्यांत पीआरची हमी देतोय. तुम्ही इथे स्वतः जेवढं लिहिलंय, तेवढ्यावरच मी बोलेन. तुमच्या फाईलमधलं बाकी काही चारचौघांत आणणार नाही.

आधी आमच्या चुका. ‘पात्र आहात’ हे खरं होतं, पण अर्धंच. फेडरल स्किल्ड वर्कर या पीआरच्या योजनेसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात, ते तुमचे भरतात. त्याने फक्त रांगेत उभं राहता येतं. रांगेतला नंबर ठरतो तो १२०० गुणांच्या सीआरएसवर, म्हणजे अर्जदारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणपद्धतीवर, आणि आमंत्रणांच्या प्रत्येक फेरीत वरच्या गुणांच्या लोकांनाच बोलावणं जातं. हे दोन आकडे वेगळे आहेत हे आमच्या ऑफिसातल्या मुलीने तुम्हाला पहिल्याच भेटीत समजावायला हवं होतं. तिच्या नोंदीत ‘६७ च्या वर, एलिजिबल’ एवढंच आहे.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती वाचून मला खरंच वाईट वाटलं. आयल्ट्सच्या (इंग्रजीच्या परीक्षेच्या) रायटिंगला साडेसहा आले तेव्हा ‘चालतील’ असं ऑफिसातून सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. ६७ च्या हिशेबात चालतात. सीआरएसमध्ये मात्र त्या अर्ध्या बँडने घात होतो. लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीला ७ आले, की सीएलबी ९ होतं, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर नववी पातळी. एकट्या रायटिंगला ६.५ राहिले तर रायटिंगचे ८ गुण जातातच, शिवाय पदवी आणि भाषेच्या जोडीचे २५ च्या जागी १३ पडतात, आणि कॅनडाबाहेरच्या तीन वर्षांच्या अनुभवाचे ५० च्या जागी २५. एकूण ४५ गुण. तुम्ही सहा गुणांसाठी रागावलात, पण राग यायला हवा तो या ४५ गुणांचा. तुम्हाला पुन्हा परीक्षेला बसवणं आमचं काम होतं आणि ते आम्ही केलं नाही.

ते सहा गुण वयाचे. एकट्या अर्जदाराला २० ते २९ वयात ११० मिळतात, ३० ला १०५, पुढे दर वाढदिवसाला उतरत जातात. ३४ ला ८३, ३५ पूर्ण झाली की ७७, आणि ४५ ला शून्य. हे कोणी कापत नाही. वाढदिवस आला की सरकारी वेबसाईटवरच्या तुमच्या प्रोफाईलमध्ये आपोआप बदल होतो. आम्हाला ते थांबवता येत नाही, पण तारीख माहीत असताना दोन महिने आधी फोन करता आला असता. तुम्हाला स्वतः लॉगिन करून बघावं लागलं, हे चुकलंच.

पत्राबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तुम्हीच लिहिलंय की कांदोळीच्या हॉटेलात पहिली दोन वर्षं सुंगटं (कोळंबी) सोलण्यात, भाज्या चिरण्यात आणि ट्रे धुण्यात गेली, आणि नंतरची तीन वर्षं तुम्ही रेंजवर, म्हणजे शेगडीवर स्वयंपाकाला, उभे होता. कॅनडाच्या कामांच्या यादीत कुक ६३२०० मध्ये येतो आणि किचन हेल्पर ६५२०१ मध्ये. कुकचा अनुभव धरतात, हेल्परचा धरत नाहीत. पत्रात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष केलेलं काम लिहावं लागतं, आणि अधिकारी हॉटेलात फोन करून विचारू शकतो. खोटं आढळलं तर अर्ज तर जातोच, वर पाच वर्षं बंदी येते. आणि हे नीट वाचा: सीआरएसमध्ये कॅनडाबाहेरचा अनुभव तीन वर्षं झाला की त्याचे गुण पूर्ण होतात. पाच लिहिले असते तरी त्या तक्त्यात एकही गुण वाढला नसता. एवढा मोठा धोका पत्करून हाती काहीच आलं नसतं. हे तेव्हा तुम्हाला कागदावर मांडून दाखवलं असतं तर तुम्ही कदाचित इतके दुखावला नसता.

हमी देणाऱ्या एजंटाबद्दल. फेऱ्या कॅनडा सरकार काढतं, कटऑफही तेच ठरवतं, त्यामुळे हमी द्यायला कोणाच्या हातात काही नाही. तो जॉब ऑफर विकत घ्यायला सांगत असेल तर २५ मार्च २०२५ पासून सीआरएसमध्ये जॉब ऑफरचे गुणच मिळत नाहीत. कॅनडाच्या एखाद्या प्रांताने तुमचं नाव सुचवलं तर मिळणारे ६०० गुण खरे आहेत, पण ते प्रांत देतो, एजंट नाही. पैसे देण्याआधी त्याच्या सल्लागाराचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या सल्लागारांना परवाना देणाऱ्या कॅनडाच्या संस्थेच्या यादीत आहे का ते बघा. आमच्या सल्लागाराचा नंबर तुमच्या करारावर आहे, तोही तपासा. माझ्या सख्ख्या भावाने अशाच एका हमीवर आईच्या बांगड्या गहाण ठेवून पैसे भरले होते. पैसे बुडाले, आणि बांगड्या सोडवायला चार वर्षं लागली. म्हणून हे इतकं कळकळीने लिहितेय.

आता माझ्याकडून. पुढच्या आयल्ट्सची फी आमची, आणि रायटिंगची शिकवणी आमच्याकडे विनाशुल्क. तुम्हाला आमच्यासोबत पुढे जायचंच नसेल तर दुसरा हप्ता, २० हजार, परत करते आणि मूळ कागदपत्रांसकट सगळी फाईल तुमच्या हाती देते. प्रोफाईल तुमची आहे, ती भरायला सरकार पैसे घेत नाही आणि ती तुम्ही स्वतःही चालवू शकता. तिची मुदत १२ महिने असते, तेवढं लक्षात ठेवा.

शनिवारी दहानंतर मी ऑफिसात आहे. तुमची हॉटेलची ड्युटी असेल तर रात्री फोन करा, मीच उचलेन. येताना आयल्ट्सचा जुना रिझल्ट आणा, त्याची तारीख बघायची आहे. रिझल्ट दोन वर्षंच चालतो, ती भरत आली असतील तर परीक्षा लगेच बुक करू.